दुपारी बंद पडणारा फोन

प्रिय इंद्रभान,

जयभीम. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून टपालखात्याला कामाला लावलंय. पत्र तरी वाजता वाजता कापता येत नाही.

दिवाळीनंतर अश्वजितनं तुला फोन केला होता, हे मला फार उशिरा कळलं. "काका, मम्मीले भेटणं बंद करा, लोक नावं ठेवतात." पोरगा पुण्यात, पण मलकापूरला मी तुझ्यासोबत भजी खाल्ली हे त्याला त्याच संध्याकाळी ठाऊक. कसं? आपल्याकडे आईचा फोन पोरगा घेऊन देतो आणि त्यातलं ईमेलचं खातंही स्वतःच्याच नावानं उघडतो. मी काढलेला प्रत्येक फोटो, फिरलेली प्रत्येक गल्ली थेट त्याच्या फोनात. अन् मी इथं नांदुराभर सांगत फिरले, पोराला आईची किती काळजी.

तो फोन मी त्यालाच कुरिअर केला आणि दुसरा मागवला; कुठल्याच कंपनीचं खातं न मागणारा, कुणाला काही न सांगणारा. स्वाभिमानी निघाला, पण अशक्त. सकाळी पूर्ण चार्ज करून शाळेत न्यावा, तर जेवणाच्या सुट्टीत डोळे मिटलेले. अश्वजितला आनंदच झाला. "मम्मी, कायले पाह्यजे तुले हे डबडं? बंद पडला तं आम्ही काय समजाचं?" म्हटलं, "मम्मी शाळेत आहे असं समज, बाबू. लहानपणी समजतच होता ना."

मग फोन इतका का दमतो, ते बसले वाचत. सगळ्या ॲपचे निरोप एकट्यानं आणणारी कंपनीची सोयच या फोनात नाही, म्हणून प्रत्येक ॲप निरोपासाठी स्वतः दारात ताटकळत उभं, बॅटरी खात. चहावाल्याची वाट पाहणाऱ्या आमच्या स्टाफरूमसारखं. निरोपाचं एक ॲप जागं ठेवलं, बाकीच्यांना झोपवलं. लोकेशन लागेल तेव्हाच. फाइव्ह-जीचा सिग्नल इथे येतो-जातो, त्याच्यामागे धावून फोन दमायचा. त्याला फोर-जीवर बसवला. आता झोपताना निम्मी बॅटरी उरते. अश्वजित म्हणतो, "सुधारला वाटते फोन." म्हटलं, "फोन नाही बे, मी सुधारली."

तुझी बायको गेली, माझे हे गेले, त्यालाही वर्षं लोटली. डी.एड.च्या वर्गात तू माझ्याशी भांडायचास, ते मला आवडायचं. हे तुझं समजूतदार गप्प बसणं अजिबात आवडत नाही. माझं भलं ठरवणारे घरात पुरेसे आहेत, त्यात तुझी भर नको.

काल अश्वजितला मीच फोन केला. सांगितलं, सोमवारी बुलडाण्याला जाऊन राह्यली, लग्नाच्या नोंदणीची नोटीस द्यायला.  तो म्हणाला, "अन् काका हो म्हणले?" ते तुलाच विचारायचं राहिलंय, म्हणून हे पत्र. सोमवारी नोंदणी कार्यालय उघडेल तेव्हा मी दारात असेन. आधार कार्ड आणि फोटो घेऊन ये. नाही म्हणायचं असलं तरी ये. ते अश्वजितला नाही, माझ्या तोंडावर सांगायचं.

वाट पाहणारी, पण फार वेळ नाही,
तुझीच,
धम्मशीला