मागल्या शिमग्यातलं 'व्हय'

१० फेब्रु., मंगळवार
कोलंबी मिळाली. आमटी अशी जमली की एकटीनं दोनदा भात घेतला. बागेत आंब्याचं फळ सुपारीएवढं झालंय, माकडं अजून फिरकली नाहीत. तर एकूण बरं चाललंय.

दुपारी मेघाचा फोन. "आई, पालखीच्या दिवशी मी घरी येणार नाही." रत्नागिरीत लॅबमध्ये कामाला, तास-सव्वातासाची वाट. "का?" विचारलं. "तुला माहीत आहे," म्हणाली आणि ठेवला.

माहीत आहे. लिहून टाकते एकदाचं. मागल्या वर्षी, माझ्या नवऱ्याचं, वि.चं वर्षश्राद्ध झाल्यावरचा पहिलाच शिमगा. ग्रामदेवाची पालखी अंगणात, वाडीतले तात्या मानकरी हातात नारळ घेऊन देवाला गाऱ्हाणं घालतायत. मधेच म्हणाले, "ह्या घरच्या धन्यानं तू दिलेला जीव भेकडासारका टाकलान, त्याचा पाप लेकराबाळांना लागू देऊ नको रे म्हाराजा." सगळी वाडी एका सुरात, "व्हय म्हाराजा!"

त्यात मीही. लहानपणापासूनची सवय, तोंड आपोआप उघडलं. मेघा शेजारी उभी होती.

तात्यांचं बोलणं तिला लागलं, पण माझं 'व्हय' जास्त लागलं.

१८ फेब्रु., बुधवार
एस.टी.त पावस गावची एक लांबची ओळखीची भेटली. "घरात बायको असून कळला नाय होय गो?" पूर्वी अशा प्रश्नावर घरी येऊन रडायचे. आज म्हटलं, "कळलं होतं. डॉक्टर चालू होते, गोळ्या चालू होत्या. तुझ्या धन्याला साखर आहे ना? मग ती तुझ्यामुळे झाली का?" पुढच्या स्टॉपला जागा बदलून बसली. मला खिडकी मिळाली.

वि.ची आठवण येते, रोज येते. पण मी हसते, जेवते, झोपही लागते. हे लिहायला लाज वाटायची. आता नाही वाटत.

२४ फेब्रु., मंगळवार
तात्यांकडे गेले. जाताना दोनदा वाटेतून परत फिरले, खोटं कशाला बोलू. ते माडांना पाणी सोडत होते. विहिरीवरचा पंप वि.नंच बसवलेला, तीन वर्षांत एकदाही कुरकुरला नाही.

म्हटलं, "तात्या, यंदा आमच्या अंगणात ते शब्द नकोत."

"मी वायट बोललो नाय, बाय. चांगल्यासाठीच बोललो. देवापुढं खोटा बोलू काय?"

"खोटं नको. आजारी होता, मनाचा आजार, त्यात गेला. एवढं खरं बोला. आणि नाव घ्या त्याचं."

"असा गेलेल्याचा नाव पालखीपुढं घेत नाय गो कोण."

"त्यानं बसवलेल्या पंपाचं पाणी चालतं तुम्हाला."

बोलले आणि मलाच भीती वाटली, मोठ्या माणसाला असं बोलले म्हणून. तात्या पंपाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बगतो." काकींनी निघताना माठाच्या भाजीची जुडी दिली. रागावले असते तर दिली नसती, असं धरून चाललेय.

१ मार्च, रविवार
मेघाला मीच फोन केला. तात्यांकडे गेल्याचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

मग म्हटलं, "आणि मी. सवयीनं म्हणाले, पण म्हणाले. चुकलंच माझं."

"वर्ष लागलं तुला हे बोलायला, आई."

"हो."

"बाबा माझा भेकड नव्हता."

"नव्हता."

येतेस का, हे विचारायचं राहिलं. की मुद्दामच नाही विचारलं...

७ मार्च, शनिवार
सकाळी अंगण सारवलं, रांगोळी काढली, ओटीचं ताट भरलं. तीनदा रस्त्यावर जाऊन आले, कुणी विचारलं तर मांजर शोधत होते.

अकराच्या गाडीनं मेघा आली. पिशवी ठेवली, हातपाय धुतले. "संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार," एवढंच.

पालखी आली. ढोल, पोरं घामाघूम, अंगणात नाचवली. मी ओटी भरली. तात्यांनी नारळ हातात घेतला. गाऱ्हाण्यात घर झालं, बाग झाली, परगावच्या पोरीबाळी झाल्या. मग थांबले.

"ह्या घरचा आमचा विजय," तात्या म्हणाले. "वाडीच्या विहिरींना पंप बसवून दिलान. आजारी पडला, त्यात गेला. त्याला तुझ्या पायाशी जागा दे रे म्हाराजा."

कुणीच काही म्हणेना. नेहमीचं गाऱ्हाणं नव्हे, कुणाला कळेना 'व्हय' म्हणावं की नाही. काही माना खाली. उत्तर येईपर्यंत नारळ फोडत नाहीत, तात्या तसेच उभे. मी म्हणायला हवं होतं. एवढं भांडून मिळवलेलं, आणि या वेळी तोंडच उघडेना.

मागून मेघाचा आवाज आला, एकटीचा. "व्हय म्हाराजा."

मग ढोलवाला म्हणाला. मग आणखी काही जण. सगळे नाहीत.

आता दिवेलागण झालीय. संध्याकाळची गाडी मघाशीच हॉर्न देत गेली. मेघा आत तांदळाच्या भाकऱ्या भाजतेय. चार झाल्या, पाचवी थापतेय. आम्ही दोघीच आहोत, उद्या सकाळला उरतील. मी काही विचारलेलं नाही.