शॉकअप आणि घरचा तांदूळ

१२ जानेवारी
चंद्रपूरहून परत. मधूच्या हाडांत शिरलेल्या रोगावर आता दर आठवड्याला इंजेक्शन. म्हणजे दर आठवड्याला नागभीड ते चंद्रपूर, आणि परत. डॉक्टर म्हणाले, मणके ठिसूळ झालेत, धक्के लागू देऊ नका. या माणसाने एकदा आमच्या रस्त्याने यावं. तेही आमच्या गाडीने. एक गतिरोधक ओलांडला की ती चारदा नाचते.
मधू दाराच्या वरची कडी धरून बसतो. सिंदेवाहीच्या अलीकडे फक्त म्हणाला, "थांबव." थांबवली. तो सीटवर डोळे मिटून, मी स्टीअरिंगवर हात ठेवून. नवरा-बायकोचं चाळीस वर्षांनंतरचं सहजीवन.

१४ जानेवारी
गाडी शकीलभाईच्या गॅरेजात नेली. त्याने बॉनेट दाबून सोडलं. वर-खाली, वर-खाली.
"शॉकअप खतम आहेत, बाई. चारही. तेल गळून गेलं. डिक्कीत काय भरता?"
तांदूळ. दुसरं काय. दरवर्षी मळणी झाली की शेतावरचे कट्टे, भरलेली पोती, डिक्कीत कोंबायचे आणि नणंदांना, चुलत्यांना, कुणाकुणाला घरपोच वाटत फिरायचं. नणंदेच्या घरासमोर किराणा दुकान आहे. तिथे तांदूळ मिळतो. हे मी लग्नापासून सांगते आहे. "घरचा थो घरचा," हे मधूचं उत्तरही लग्नापासून.
धक्के झेलणारे हे शॉकअप नागपूरहून येणार. कधी? "येऊन राह्यले, बाई."

१९ जानेवारी
आले नाहीत. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणतो, आई, नवी गाडीच घे ना. जणू शोरूम सापडत नाही म्हणून अडलंय, पर्समध्ये पैसे नाहीत म्हणून नाही.
निघताना मधू म्हणाला, डिक्कीत दोन कट्टे टाक, गाडी दबून बसते. शेजारच्या माणसाकडून टाकून घेतले. चीड आणणारी गोष्ट ही, की खरंच बसली. मूल गावापर्यंत तो झोपला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी घोरणं ऐकून देवाचे आभार मानले. कुठल्या देवाचे ते माझ्या मिशनच्या शाळेतल्या सिस्टरना विचारायला हवं.
परतताना शकीलभाईला सांगितलं. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "असंच करून मारले न बाई तुम्ही शॉकअप." कट्टे काढायला लावले.

२१ जानेवारी
आले. दुसऱ्याच मॉडेलचे. परत गेले. शकीलभाई शांत. सगळे शांत. मी एकटीच ओरडते. गॅरेजातलं कुत्रं तेवढं माझ्याकडे बघतं.

२४ जानेवारी
बसले. चारही नवे. पुढचे स्प्रिंगसकट उतरवून, मधल्या रबरी चकत्याही बदलल्या. चाकांचं अलाइनमेंट ब्रह्मपुरीला. जुने शॉकअप वर्तमानपत्रावर पडले होते, काळे, ओशट. एक हाताने दाबून पाहिला. खाली गेला तो वर आलाच नाही.
आता गतिरोधकावर गाडी एकदाच वाकते आणि उभी राहते. शिस्तीच्या मुलीसारखी. संध्याकाळी उगाचच स्टेशनपर्यंत चक्कर मारून आले.

२७ जानेवारी
काल सुट्टी, म्हणून आज चंद्रपूर.
वाईट. पहिल्या दिवसापेक्षा वाईट. तळोधीच्या पुढे मधूच्या कपाळावर घाम. म्हणाला, "जुनेच बरे होते वं."
येताना घरी न जाता थेट गॅरेज. गिऱ्हाइकांसमोर शकीलभाईला नाही नाही ते बोलले. डुप्लिकेट माल, फसवणूक, सगळं. तो म्हणाला, नवे शॉकअप थोडे कडक वाटतात, पण इतके नाई. मग मला मागे मधूच्या शेजारी बसवलं आणि गाडी स्वतः चालवली. नवा डांबरी रस्ता, टेबलासारखा. मला काही जाणवलं नाही. काहीच नाही. आणि शेजारी मधूची बोटं कडीवर पांढरी झालेली.
शकीलभाईने आरशात पाहिलं. मीही पाहिलं. गाडी बरी आहे.
माफी मागायची होती. "हॉर्न तपासा जरा," असं म्हणाले.

३० जानेवारी
मधू म्हणतो, दवाखाना पुरे. "मले मार्कंड्याले ने. देवाचा वाटा राह्यला."
मळणीनंतरचा पहिला तांदूळ मार्कंड्याच्या महादेवाला, मग नातेवाइकांना. यांच्या घरची रीत. यंदा त्याच्या आजारपणात ना देवाला गेला, ना कुणाला. मी म्हटलं, इंजेक्शनं पूर्ण होऊ देत, मग महाशिवरात्रीच्या जत्रेत जाऊ. तो हसला. "जत्रेपर्यंत मी बसून जाऊ शकीन का वं?"
डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, मधेच सोडू नका. सोडलं नाही तर किती फायदा, विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. एवढं शिकून.

१ फेब्रुवारी
दिवसभर अबोला. त्याने देवाचा वाटा पुरचुंडीत बांधून उशाशी ठेवला आहे. मी दवाखान्याची फाईल दाराशी ठेवली आहे.

२ फेब्रुवारी, सकाळ
शकीलभाई हवा तपासायला आला होता. मी काही बोलायच्या आत त्याने पडवीतले दोन्ही कट्टे उचलून डिक्कीत ठेवले. म्हटलं, मारायचे आहेत का हेही? तो म्हणाला, "नवे आहेत, बाई. सोसतील."
मधू मागे उशा लावून बसला आहे. पुरचुंडी मांडीवर. फाईल पुढे, माझ्या शेजारच्या सीटवर. कुठे जायचं त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मूलच्या चौकात उजवीकडे चंद्रपूर, डावीकडे गडचिरोली, मार्कंडा.
मधू हॉर्न वाजवतो आहे. मागून वाकून, एवढा हात लांबवून. लिहिणं पुरे.
मूलपर्यंत रस्ता एकच आहे.