बिनमिठाचा सर्जेराव

३ नोव्हेंबर, सोमवार
मेडिकल कॉलेजच्या संशोधनासाठी माझी निवड झाली. मीठ कमी केलं की ब्लड प्रेशर किती उतरतं, ते बघणार आहेत. कंपनीतून रिटायर झाल्यापासून देशाला माझा उपयोग नव्हता. आता आहे. पारूला सांगितलं, माझी भाजी अळणी कर. ती म्हणाली, दोन-दोन भाज्या कोण करीत बसंल, मीबी अळणीच खाते. बायकांना संशोधनाचं गांभीर्य नाही.

५ नोव्हेंबर
ताटात डावीकडं चिमूटभर मीठ घेतलं. खायला नाही. त्याशिवाय ताट भुंडं दिसतं. नंतर बोट लागलं.

९ नोव्हेंबर, रविवार
कन्नडला मेव्हण्याच्या पोरीचा साखरपुडा. ठेचा, पापड, लोणचं. नाही म्हणणं म्हणजे यजमानाचा अपमान. पारूनं घरून नेलेली अळणी भाकरी खाल्ली. चारचौघांत शोभतं का? उद्यापासून कडक.

१२ नोव्हेंबर
उद्या दिवसभराची लघवी कॅनमध्ये धरायची आहे. त्यावरून पोटात किती मीठ गेलं ते कळतं म्हणे. हे आधी सांगायला नको?
संध्याकाळी – उपाय सापडला. पारूला सांगितलं, जोडीदाराचीच लागते. तिनं कॅन मोरीत नेऊन ठेवला. जेवण दोघांचं एकच, म्हणजे शास्त्रानुसार लघवीही एकच.

१४ नोव्हेंबर
कॅन जमा केला. वर माझं नाव. पारू नवी चप्पल मागते, जुनी पायात जाईना म्हणे. थंडीनं आखडली असणार.

१८ नोव्हेंबर
संशोधनाच्या डॉ. सोनिया मॅडमचा फोन. मीठ फारच कमी, शाबास काका! पण लघवीतून प्रोटीन जातंय, किडनीचा त्रास असू शकतो, लगेच या म्हणाल्या. पलंगावर आडवा झालो. कंबर दुखतच होती. पारूनं पाय चेपले. चेपता चेपता रडली. बरं वाटलं.

१९ नोव्हेंबर, सकाळ
चहा पिताना आठवलं, कॅन माझा नव्हताच! मी ठणठणीत. त्या आनंदात दोन पापड भाजून घेतले. समोर पारू फरशी पुसत होती. तिच्या पायाच्या बोटांत जोडवी रुतलेली दिसली. दुसरा पापड तसाच ठेवला.
मॅडमला फोन करायला हवा. पण काय तोंडानं? मशीनही चुकतं कधीकधी. उद्या बघू.

२१ नोव्हेंबर
काल केला नाही फोन. आज पारूनंच मला रिक्षात घालून नेलं. वाटभर माझा हात धरून होती. मॅडमनी समोरच तपासणी केली. प्रोटीनचा पत्ता नाही. मग आधीचं कुणाचं, म्हणाल्या. जमिनीकडं बघत सांगितलं. मॅडम तडक पारूकडं वळल्या. खाली बसून तिचा सुजलेला पाय अंगठ्यानं दाबला. खड्डा पडला, तो भरेना.
पारूला ॲडमिट केलं. संशोधनातून माझं नाव काढलं. इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

२२ नोव्हेंबर, वॉर्डात
औषधं चालू झालीत. सुधारंल म्हणतात, पण यायला उशीर केला म्हणतात. उशीर कुणी केला ते मला माहीत आहे. लेक रत्नमाला डबा घेऊन आली. माझ्याशी बोलत नाही. पारू मात्र म्हणाली, तुमाला काय नाय ना? मंग लई बरं झालं. डब्यात मिठाची पुडी होती. ती तिनं माझ्याकडं सरकवली. घ्या, तुमाला अळणी जात नाय, मला पहिल्या दिवसापासून ठावं हाय.
मी अळणीच जेवलो. आता कायमचं.
पुडी खिशात आहे. ती फक्त इथं सांडू नये म्हणून.