वळसंगच्या देवळातला तीनशिंग्या

शुक्रवार पेठ, सोलापूर
आषाढ शुद्ध सप्तमी, सन १९३४

तीर्थरूप धुळाप्पामामांच्या पायावर भाचा सिद्धाप्पाचं डोस्कं. हितं आमी समदे खुशाल. तुमची, काळ्या मेंढीच्या खुराची आन केराबाईमामींच्या गुडघ्याची खुशाली कळवावी. (आई म्हणती, मामीचं मेंढीच्या आधी लिवायचं. पण शाई वाळली. मामी, राग धरू नका.)

कारण पत्र लिवण्यास की, मातीच्या बैलांच्या अवसेला तुमी आमच्या घरातनं जी बुट्टी वळसंगला नेली, तिच्यात बैल दोनच हुते. तिसरा बैल न्हवता वो मामा. त्यो डायनोसॉर हाय! कोट्यवधी वर्षांमागं असली जनावरं पृथ्वीवर फिरायची. त्याचं नाव ट्रायसेराटॉप्स. (मल्लप्पा मास्तर, मामांना वाचून दावताना हे सावकाश वाचा. अडलं तर सरळ 'तीनशिंग्या' म्हणा.) मी त्यो माझ्या हातानं केलाय, आन येत्या सोमवारी आमच्या हायस्कुलातल्या सायन्स एक्झिबिशनला त्यो मला पायजे. वर्गातला मानसिंग समद्यांदेखत म्हणाला, "सिद्या, तुझं जनावर टेबलावर पोचस्तवर चिखल हुतंय बघ." तवाच ठरीवलं, त्यो टेबलावर हुबा ऱ्हाणार म्हंजे ऱ्हाणार.

आता रंगाचं ऐका. पुस्तकातलं चित्र काळं-पांढरं. सरांना विचारलं, रंग कंचा देऊ? सर म्हणाले, बघाय कोण गेलं हुतं? आई म्हणाली, घोरपडीचा दे. शेवटी शेजारच्या अक्कम्मांनी (हातमागवाल्या हायत, बोलत्यात तेलुगू, भांडत्यात मराठीत) सुताचा उरलेला हिरवा रंग दिला. तीनशिंग्याच्या डोक्यामागं सुपासारखी ढाल असती, तिला मी लाल कड काढली, तर अक्कम्मा म्हणत्यात, "काठ काडलास, आता पदर बी काड की!" रंग धरावा म्हणून त्यात मागावरची खळ घातली. पण खळ म्हंजे शेवटी पिठाचीच पेज! घरच्या शेळीनं एका अंगाचा रंग चाटून साफ केला. (तिची जीभ लई दिस हिरवी हुती. आई दूध काढंना.) मग हाडाकातड्याचा सरस शिजवून त्यात रंग कालवला. त्याच्या वासानं गल्लीतली कुत्री दारात आली आन वडील दाराभायेर गेले. मी काय मागं सरलो न्हाय. सुताराकडनं राळेचं व्हार्निश आणलं आन हातावर हात दिले. पावसाळी हवा, त्ये वाळंना. माशा चिकटाय लागल्या. एक माशी डाव्या डोळ्यावर अशी बेतात बसली, की तिला मी तशीच ठिवली. धूळ बसू ने म्हणून जनावर बुट्टीत ठिवून वर फडकं टाकलं. त्याच बुट्टीत आईनं मामींसाठी बैलजोडी ठिवली हुती, आन तुमी गाडी धरायच्या घाईत बुट्टी उचलली. फडकं वर करून बघायचं तरी वो!

काल तुमच्या गावचा गाडीवाला निंगप्पा सांगत हुता, पूजा झाली, समदे बैल विहिरीत पायरीवर सोडले. दुसऱ्या दिशी बैलांचा गाळ, आन माझा तीनशिंग्या पाण्याखाली जसाच्या तसा, डोळे वटारून! म्या अंगणात नाचाय लागलो. व्हार्निश जितलं की! तर निंगप्पा म्हणतो, "नाचतूस काय लेका? इरघळंना म्हणून गावानं त्येला बिरोबाच्या देवळात बसवलाय. तुझी मामी रोज तेल घालती." माझा नाच तिथंच थांबला. मामा, तेलानं व्हार्निश मऊ पडतं! शेंदूर तर लावूच देऊ नका. गावाला समजावून सांगा आन जनावर धाडा. "ज्येला पान्यानं सोडलं त्येला मानसानं न्यायचं न्हाय," असं मामी म्हणाल्या म्हणं. पण मामी, पाण्यानं सोडलं न्हाय, राळेनं धरलं.

आपला आज्ञाधारक,
सिद्धाप्पा

ता. क. माझ्याकडं लांब मानेचा दुसरा डायनोसॉर हाय. गुरव अदलाबदल करील का? (निंगप्पा पत्रासाठी दारात बसलाय, त्यो म्हणतो, शिंगं न्हाईत, देवळात उंट कोण ठिवून घील?)

ता. क. २. तवा असं करा. म्या उंटाला तीन शिंगं चिकटवलीत. तेलाखाली कुणाला कळतंय! रविवारी दुपारी त्येला घोंगड्याखाली घिऊन येतो. तुमी देवळाची कडी काढून ठिवा, कुत्रं बांधा, आन मामींना बोलण्यात गुतवा.

ता. क. ३. मल्लप्पा मास्तर, मामांना अक्षर येत न्हाय, तुमी मोठ्यानं वाचणार आन मामी बी ऐकणार, हे आत्ता ध्यानात आलं. वरचं ता. क. मामी पाण्याला गेल्यावरच वाचा.

ता. क. ४. त्ये आधीच वाचून झालं असंल तर मामी, दंडवत. निंगप्पासंगं तुमच्या गुडघ्याला तेल धाडलंय. ते गुडघ्यालाच लावा.