परक्या घरातलं सुतक

आई, सकाळपासून लिहायला बसते आहे आणि उठते आहे. मध्येच कुकर लावला, गॅलरीतले वाळलेले कपडे आत आणले, आता पुन्हा बसले. तुला आयर्लंडमधलं सांगायचं राहूनच गेलंय.

तू गेलीस तेव्हा सगळं किती भराभर उरकलं. सकाळी दवाखान्यातून फोन आला, दुपारी आम्ही स्मशानातून परतलोसुद्धा. कोथरूडच्या आपल्या दोन खोल्यांत माणसं मावत नव्हती, पण बोलत कुणीच नव्हतं. बाबा भिंतीकडे बघत बसलेले. तेरावं झालं आणि मी हिंजवडीला ऑफिसच्या बसमध्ये जाऊन बसले. त्यानंतर तुझ्याबद्दल बोलणं जणू बंदच झालं. मला कुठे म्हणून बसवत नव्हतं. घरी असले की ऑफिसला जावंसं वाटे, ऑफिसात असले की घरी. म्हणून कंपनीत साहेबांनी आयर्लंडला कोण जाईल असं विचारलं, तेव्हा मी सगळ्यांत आधी हात वर केला.

तिथे एका खेड्यात, म्हाताऱ्या नवरा-बायकोच्या घरातली वरची खोली मी भाड्याने घेतली होती. आजोबा आजारीच असत. एका संध्याकाळी मी कामावरून परतते, तर पुढचं दार सताड उघडं आणि आत माणसंच माणसं. बैठकीच्या खोलीत, उघड्या शवपेटीत आजोबा. कोट-टाय घातलेले. भोवती लोक चहा पीत, सँडविच खात बसलेले, आणि चक्क हसत होते. बॅग भरावी आणि हॉटेल गाठावं म्हणून मी जिन्याकडे वळले, तेवढ्यात आजींनी स्वयंपाकघरातून हाक मारली, "बरी आलीस. पावाला लोणी लावायला कुणीतरी हवंच होतं."

मग मी अंगातला कोटही न काढता लोणी लावत उभी राहिले. शेजारच्या बाईने तिथली रीत सांगितली : दफन होईपर्यंत गेलेल्या माणसाला एकटं ठेवायचं नाही, त्याच्याजवळ बसून त्याच्याच गोष्टी सांगायच्या. कुणीतरी आजोबांच्या हरवलेल्या गाईची गोष्ट सांगितली. सगळ्यांत मोठ्याने आजीच हसल्या, आणि हसता हसता त्यांनी आजोबांच्या हातावर हात ठेवला. मग माझ्याकडे वळून, माझा चेहरा निरखत म्हणाल्या, "तुझं कोण गेलंय?"

"आई."

"कशी होती?"

हे मला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. माझं इंग्रजी ऑफिसपुरतं. पण एकदम मोपेडची गोष्ट तोंडातून निघाली. चाळिशी उलटल्यावर तू शाळेच्या मैदानावर गाडी शिकत होतीस. गाडी सुरू झाली, पण घाबरून तू ब्रेक विसरलीस आणि गोल गोल फिरत राहिलीस. क्रिकेट खेळणारी पोरं स्टंप उपटून पळाली. बाबा मागे धावत ओरडतायत, "अगं, ब्रेक दाब!" आणि तू, "अहो, तुम्ही आधी बाजूला व्हा!" शेवटी पेट्रोल संपलं तेव्हा गाडी थांबली. तू उतरलीस, पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "गाडी गुणी आहे हो. दमली की आपली आपण थांबते."

खोलीभर हशा पिकला. मी हसत होते की रडत होते, कोण जाणे. नंतर नवीन कुणी आलं की आजी मला पुढे ढकलत, "हिच्या आईची गोष्ट ऐका." दफनाच्या वेळी एक अनोळखी बाई माझा हात धरून म्हणाली, "तुझ्या आईशी माझं छान जमलं असतं."

परत आल्यावर तुझ्या श्राद्धाच्या जेवणात मी ती गोष्ट काढली. दादा पुटपुटला, "आता कशाला ते? बाबांना त्रास होईल." पण बाबांचा ताटातला हात थांबला. "सांग," म्हणाले. मी सांगितली. बाबा हसले, कितीतरी दिवसांनी. मग पाणी प्यायले आणि हळूच म्हणाले, "पण ती असं काही बोलली नव्हती गं. ती तिथेच मातीत बसून रडली होती."

मी वाद घातला नाही. पण आई, आजही कुणाला सांगते तेव्हा तुला रडू देत नाही.