कॅमेरा बंद केल्यानंतरचं

१८ नोव्हेंबर
आजपासून नोकरी सुरू! पंचवटीत प्रतिभाताईंचा लग्नाच्या फिल्म करायचा स्टुडिओ आहे. खाली हारवाले, वर आम्ही, दिवसभर झेंडूचा वास. नामपूरहून आणलेली बॅग अजून नीट उघडलीही नाही, पण गावाकडच्या मित्राने, दीपकने, नाशिक रोडच्या त्याच्या खोलीत माझ्यासाठी कपाटातला कप्पा रिकामा करून ठेवला होता. तो इथे कॅमेरा चालवतो, माझं काम एडिटिंगचं. ताई स्वतः चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, हर्षल, मशीनवर काय हवं ते कर, फक्त त्याच्या पोटात हात घालू नकोस. मशीन जुनं आहे. एक फिल्म बाहेर काढायला अख्खा दिवस खातं.

२२ नोव्हेंबर
लग्नसराई आहे, कामं तुंबली आहेत. मला राहवलं नाही. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी जागा होतो त्या प्रोग्रॅममध्ये शिरलो आणि प्रोसेसरचा वेग कंपनीने घालून दिलेल्या मर्यादेच्या बराच वर नेला. पंखे भणाणले, पण फिल्म जेवणाआधी तयार! ताईंनी गिऱ्हाइकांसमोर पाठ थोपटली. काय केलंस, असं विचारलं. मी म्हटलं, फालतू फाइली काढून टाकल्या.

२५ नोव्हेंबर
मशीन मधेच गोठलं, मग काळा पडदा. मदरबोर्डवरचा सेल काढून परत बसवला. तसं केलं की वेग मूळ जागी यायला हवा. मशीन सुरू झालं, पण वेग परत माझ्याच आकड्यावर. एका साखरपुड्याची फिल्म कायमची गेली. ताईंनी विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं, की दीपकने मोठ्या लाइटचा प्लग त्याच सॉकेटमध्ये लावला, म्हणून झटका बसला. ताई त्याला सगळ्यांदेखत बोलल्या. दीपकने माझ्याकडे एकदाच पाहिलं. संध्याकाळी डब्यातली भाकरी मात्र नेहमीसारखी अर्धी करून दिली. 

२७ नोव्हेंबर
हळदीची फिल्म काढली. शेवटी आम्ही न घेतलेला तुकडा आहे. नवऱ्या मुलाची आजी, लंकाबाई, त्याच्या गालाला हळद लावते, तिथे दीपकने कॅमेरा बंद केला होता. फिल्म मात्र पुढे चालूच. तीच आजी, खुर्चीत, मान टाकलेली. भोवती बायका रडताहेत.
दीपकला दाखवलं. तो म्हणाला, "हे मी घेतलेलंच नाही रे. आजी तर नंतर आमच्याबरोबर पंगतीत होत्या."

२९ नोव्हेंबर
त्या घरून फोन आला. आजी आज सकाळी गेल्या. खुर्चीत बसल्या बसल्या.

३० नोव्हेंबर
पेनड्राइव्हवरून नवा बायोस भरला. काम पूर्ण झाल्याचा संदेश आला. मशीन उठलं ते जुन्याच बायोसवर, त्याच वेगावर. पुन्हा भरला. तेच. ताईंना सांगायचं तर पहिल्यापासून सांगावं लागेल. दीपकचंही.

२ डिसेंबर
आजच्या फिल्मच्या शेवटी आमची गच्ची. दीपक वायर जोडतोय. झटका — तो तोंडावर पडतो —
मशीनसाठी गच्चीवरून वेगळी लाइन ओढायचं काम उद्या आहे. ताईंनीच त्याला सांगितलंय, तू बिघडवलंस, तूच नीट कर. हे माझ्या खोट्यामुळे.
सांगायलाच हवं.

३ डिसेंबर
सकाळी ताईंसमोर गेलो. त्या कुणाला तरी माझं कौतुक सांगत होत्या. तसाच मागे फिरलो. मग गुपचूप जिन्यातला मेन स्विच पाडला आणि येऊन गप्प बसलो. खालच्या कुणीतरी, लाइट कशी गेली म्हणत, तो वर केला.
दीपक जिवंत आहे. उजवा हात कोपरापर्यंत जळलाय. मी त्याला रिक्षात घालून नेलं. दवाखान्यात त्याची आई, आक्काबाई, माझे हात धरून म्हणाली, "बाबा, तू व्हता म्हणून वाचलं माझं पोरगं."
मी मान हलवली. होकारार्थी.

५ डिसेंबर
कॉम्प्युटरची वायर उपसली. प्रोसेसर काढून टेबलावर ठेवलाय. अजून गरम आहे.
पडदा चालू आहे.
ताई गच्चीवर गेल्यात. दीपकचं राहिलेलं काम — स्वतःच बघते म्हणाल्या —
पडद्यावर हीच खोली. मी. पाठमोरा, लिहितोय. वरून ताईंची किंकाळी येते. मी मानही वर करत नाही.
इथे अजून किंकाळी आलेली नाही. वेळ आहे. जाऊन सांगतो — ताई, हात लावू नका, दीपकचा दोष नव्हता, मीच —
उठतो.
पडद्यावरचा मी अजून बसलेलाच —
हा काय, उठतोय, हे एवढं लिहून झालं की उठ