तोफ्या गप्प बसतो

२ फेब्रुवारी, सोमवार

पोचलो एकदाचे. सामान अजून खोक्यांत आहे, चहाची गाळणी कुठल्या खोक्यात गेली ते देवाला ठाऊक, आणि आईने घराला नावं ठेवायला सुरुवातही केली आहे. घरात पाय ठेवायच्या आधीच, असं लिहिणार होते. पण पाय ठेवला कुठे, दादाने तिला उचलूनच पायऱ्या चढवल्या. झटका येऊन गेल्यापासून तिचा उजवा हात उचलत नाही आणि उजवा पाय ओढत न्यावा लागतो. जीभ मात्र शाबूत आहे. तिचं म्हणणं, पॅसेज नको इतका लांब, आणि शेजारीपाजारी दिवसभर कामावर, म्हणजे भांडायलासुद्धा माणूस नाही. पॅसेजच्या टोकाची उजेडाची खोली तिला दिली. खुर्ची खिडकीशी लावून दिल्यावर जरा नरमली.

मला घर फार आवडलं. पुढे अंगण, फाटक, समोर रुंद, शांत रस्ता. कुत्र्याला शिकवायला याहून चांगली जागा कुठे मिळायची. दादा सामान लावून संध्याकाळीच परत गेला. जाताना म्हणाला, काही लागलं तर फोन कर. मी म्हटलं, मला काय लागणार आहे.

५ फेब्रुवारी

प्राण्यांच्या निवाऱ्यात रुजू झाले. जी कुत्री कुणी घरी नेत नाही, किंवा नेऊन परत आणून टाकतात, त्यांना माणसांत राहायला शिकवायचं, हे माझं काम. बालवाडी सोडून मी कुत्र्यांकडे वळले तेव्हा आई म्हणाली होती की नोकरी बदललीस, काम तेच ठेवलंस. शी-शू काढायची आणि शहाण्यासारखं बसायला शिकवायचं.

निवाऱ्याच्या मॅडमनी पहिला विद्यार्थी दाखवला तो सगळ्यात शेवटच्या पिंजऱ्यातला. तांबूस रंग, रुंद छाती, कपाळावर आठ्या. नाव तोफ्या. मॅडम म्हणाल्या, चावत नाही, घाण करत नाही, मुलांना जीव लावतो, पण भुंकतो. कशावर, तर कशावरच नाही. एका जागी नजर लावतो आणि घसा फुटेस्तोवर भुंकतो. ज्यांनी ज्यांनी दत्तक नेला त्यांनी हात जोडून परत आणला. मी मनात म्हटलं, हा तर डाव्या हातचा मळ. घरी ठेवून शिकवते म्हणून सांगितलं आणि निवाऱ्याच्या गाडीत घातला.

आईला सोबत म्हणून एक मांजरही आणलं. राखाडी, एक कान फाटलेला, चेहऱ्यावर सगळ्या जगाबद्दल नापसंती. आईने तिचं नाव मावशी ठेवलं. मला म्हणाली, हिला बसायला शिकवून दाखव, मग तुला मानेन.

८ फेब्रुवारी, रविवार

तोफ्या रस्त्यापलीकडच्या विजेच्या खांबावर भुंकतो. भर दुपारी. खांबाखाली काही नाही, मी जाऊन उभी राहून पाहिलं. मी तिथे गेल्यावर तर तो पिसाळल्यासारखा झाला. साखळी ताणून मागच्या पायांवर उभा राहिला. शेपटी मात्र पोटाखाली. म्हणजे राग नाही, भीती आहे. आणि भीतीवर माझ्याकडे औषध आहे.

पद्धत साधी. माझ्या किल्ल्यांना एक क्लिकर असतो, अंगठ्याने दाबला की टक वाजणारी छोटी डबी. टक म्हणजे शाब्बास. टक झालं की खाऊ, आणि डोक्यावरून हात. ज्याची भीती वाटते ते लांब असताना, कुत्रं बघेल पण अजून भुंकलं नसेल, त्याच क्षणी टक वाजवायचं. गप्प बसलास, शाब्बास. मग ती वस्तू थोडी जवळ आणायची. पुन्हा टक. अशी हळूहळू भीती मरते. एरवी छत्री, झाडू, हेल्मेट घातलेला माणूस, जे काय असेल ते मी स्वतः जवळ आणते. इथे वस्तूच ठाऊक नाही, तेव्हा तोफ्याच्या नजरेवरून चालायचं.

आई म्हणाली, बिचारा काहीतरी सांगत असेल. मी म्हटलं, तूही दिवसभर सांगत असतेस. दोघीही हसलो.

१४ फेब्रुवारी

आज त्याने खांबाकडे पाहिलं, घशात गुरगुर आली, ती गिळली आणि माझ्याकडे पाहिलं. टक. खाऊ. मला इतका आनंद झाला की त्याला कवटाळून बसले. अंगाला बारीक थरथर होती. एवढी मेहनत करतोय बिचारा.

संध्याकाळपर्यंत नजर खांबावरून फाटकावर आली होती. म्हणजे भीती जवळ आली, तरी तोंड बंद. पुस्तकात लिहितात तसं, अगदी पायरीपायरीने. आई म्हणते, तोफखान्याला कुलूप लावलंस.

१९ फेब्रुवारी

आज सुट्टी. पुढचा धडा चटईचा. काही दिसलं की भुंकायचं नाही, मुकाट्याने हॉलमधल्या आपल्या चटईवर जाऊन मान टेकायची. हुशार इतका की दुपारपर्यंत शिकला. आता तो पायऱ्यांकडे बघतो आणि चटईवर जाऊन पडतो. टक, खाऊ, डोक्यावरून हात.

मॅडमना फोन करून सांगितलं. त्यांना खरं वाटेना. म्हणाल्या, पुढच्या महिन्यात त्याच्यासाठी घर बघू. मला जरा वाईट वाटलं, लळा लागला आहे त्याचा. पण अभिमानही वाटला, तो कशाला लपवू.

मावशी मात्र आज आईच्या मांडीवर गेली नाही. दिवसभर अंगणाच्या भिंतीवर बसून घराकडे बघत होती. मांजरांचं काही सांगता येत नाही.

२३ फेब्रुवारी

आई वैतागली आहे. दुपारी डोळा लागला की मी पॅसेजमध्ये उभी राहून ते टक टक वाजवते, असं तिचं म्हणणं. मी दुपारी निवाऱ्यात असते. क्लिकर माझ्या खिशात, किल्ल्यांबरोबर. शिवाय झोपताना ती कानातलं यंत्र काढून ठेवते, तेव्हा कानाशी ढोल वाजवला तरी तिला पत्ता लागत नाही. ती म्हणाली की एवढंच एक तिला स्वच्छ ऐकू येतं.

पुन्हा झटक्याची सुरुवात तर नाही? डॉक्टरांना दाखवायला हवं. काळजी वाटते.

संध्याकाळी घरी आले तेव्हा तोफ्या चटईवरच होता. पाठ दाराकडे, तोंड पॅसेजकडे. शाब्बास म्हणून खाऊ दिला. हाताला सवय लागली आहे.

२६ फेब्रुवारी

आई खुशीत होती. इतकी की मला दचकायला झालं. म्हणाली, दुपारी केसांवरून हात फिरवत बसतेस ते बरं वाटतं. लहानपणी मी तुला निजवायचे तसं. फक्त हात फार गार असतात तुझे, जरा गरम पाण्याने धुवून येत जा.

मी दुपारी घरी नव्हते. तिला तसं सांगितलं नाही. म्हटलं, बरं, धुवून येईन.

तिचे केस नीट चापून बसवलेले होते. मी सकाळी वेणी घालते, दुपारपर्यंत बटा सुटतात नेहमी. आज एकही नव्हती.

मावशी निघून गेली. भिंतीवर नाही, कुठेच नाही.

२८ फेब्रुवारी

तोफ्या मुळात कुठून आला ते आज निवाऱ्याच्या डॉक्टरांना विचारलं. आधीच विचारायला हवं होतं.

एक म्हातारे गृहस्थ होते, एकटे. कुत्रा दिवसभर भुंकतो म्हणून शेजाऱ्यांनी तगादा लावला. त्यांचा जीव होता कुत्र्यावर, कुठे सोडवेना, म्हणून त्याच्या तोंडाला मुसकं बांधलं. काही दिवसांनी दार तोडावं लागलं, तेव्हा कुत्र्याला आणायला हे डॉक्टरच गेले होते. म्हातारे खुर्चीत होते. डॉक्टर म्हणाले, हृदय, वय झालं होतं. मग म्हणाले की चेहरा बघवत नव्हता, पण केस मात्र नुकतेच कुणीतरी हात फिरवून बसवल्यासारखे. कुत्रा पायाशी, मुसक्यासकट. मुसकं काढल्यावर तो जे भुंकायला लागला ते आवाज बसेपर्यंत.

मी मुसकं बांधलं नाही. मी खाऊ दिला. त्याने आपणहून तोंड मिटलं.

तो ते दूर ठेवत होता. घराघरातून हाकलला गेला तरी दूर ठेवत होता. आणि मी दर वेळी वाजवत होते टक. गप्प बसलास, शाब्बास, आता एक पाऊल जवळ. मला वाटलं एकट्या तोफ्याला शिकवते आहे. ऐकत दोघं होते.

दादाला फोन केला. नीट सांगता आलं नाही. आई बरी नाही एवढंच म्हटलं. परवा दुपारी येतो म्हणाला.

१ मार्च

टॅक्सी बोलावली. ड्रायव्हरला सांगितलं, आईला उचलायला हात लावा. आईने चौकट धरून ठेवली, डाव्या हाताने, सोडेचना. म्हणाली, या घरात आत्ता कुठे बरं वाटायला लागलंय, कुठे नेतेस मला. ड्रायव्हर माझ्याकडे विचित्र बघत निघून गेला. तिला काय सांगू. हात माझे नव्हते, हे कसं सांगू.

क्लिकर दगडाने ठेचला.

तोफ्याला भुंकायला शिकवते आहे. सकाळपासून. खाऊ नाही, चटई उचलून फेकली. तो पॅसेजकडे बघतो, आणि चटई होती त्या जागी जाऊन मान टेकतो. मग माझ्याकडे वर बघतो. बरोबर केलं ना, अशा डोळ्यांनी. मी चार पायांवर होऊन त्याच्यासमोर भुंकले. त्याने शेपटी हलवली. मी त्याच्यावर ओरडले तर आणखी गप्प झाला.

शिकवलेलं एका दिवसात जात नाही. लोकांना मीच सांगत असते.

२ मार्च, दुपार

आईच्या खोलीत. तोफ्यालाही आत घेतलंय. दार लोटलेलं आहे, फटीतून पॅसेज दिसतो. दादा निघाला, फोन आला होता—वाटेत आहे. तो येईपर्यंत लिहून ठेवते, म्हणजे मला वेड्यात काढणार नाही.

सकाळी तोफ्या पॅसेजच्या मध्यावर बघत होता. बाहेर जायला तीच एक वाट. आईला खुर्चीतून उठवायचा प्रयत्न केला, मला एकटीला झेपत नाही. खिडकीतून हाका मारल्या. रस्त्यावर कुणी नाही, सगळे कामावर—

मग ताट आणि पळी घेतली. बडवत सुटले. भुंकल्यासारखी ओरडत. आई हसायला लागली, म्हणाली, तुलाही निवाऱ्यात ठेवायला हवं. पण तोफ्याची नजर—मागे गेली. पॅसेजच्या पार पलीकडच्या टोकाला, हॉलकडे गेली. आवाजाने जातं ते. कुणाच्याही आवाजाने. मी रडले.

तेव्हापासून बडवते आहे. घसा गेला. नुसती हवा येते. हात दुखला की नजर एकेक पाऊल पुढे. बडवलं की मागे. पण पहिल्याइतकी नाही—सरावतंय. तेही सरावतंय.

थोडं थांबते. जरासंच. जमिनीवर बसले आहे, पाठ आईच्या खुर्चीला. तिचा डावा हात खांद्यावरून पुढे घेऊन माझ्या हातात धरला आहे. ऊबदार आहे. आई गुणगुणते आहे काहीतरी. एका हाताने लिहिते.

तोफ्या समोर. दाराकडे बघतो आहे.

आई गुणगुणायची थांबली. झोपली असेल.

तोफ्या दाराकडे बघत नाही. माझ्याकडे—नाही. माझ्या वर. माझ्या मागे.

भुंक रे. भुंक ना बाळा

मान टेकली त्याने.

ताट लांब आहे. आईचा हात सोडणार नाही. गार पडत चालला आहे. दादाची गाडी वाजली का बाहेर—नाही. ओरडता येत नाही. मघापासून किती वेळ मी नुसती लिहीत—आवाज न करता—

टक.

कानाशी. तोफ्या उठला. शेपटी हलवतो आहे. माझ्या बाजूने मागे गेला. कुडुम कुडुम खाण्याचा आवाज. खाऊ कुणी

आईचा डावा हात माझ्या हातात आहे. उजवा तिला उचलत नाही

आणि माझ्या डोक्यावरून कुणीतरी हळूहळू हात फिरवतं आहे. गार. मी गप्प बसले म्हणून

टक